सुरक्षा समितीतला होयबा

कारखान्यात सुरक्षा समिती निघाली, तेव्हा कामगारांकडून कुणाला घ्यायचं यावर मॅनेजरांना डोकं खाजवावं लागलं नाही. लेथवरचा होयबा होताच. त्याने लग्नसुद्धा मान डोलावूनच केलं, असं त्याची बायको सांगायची.

समितीत मॅनेजर, कारखान्याचे डॉक्टर आणि मालकांचे जावई. जावईबापू सुरक्षा अधिकारी. त्यांना दुसऱ्या कुठल्याही खात्यात ठेवणं सुरक्षित नव्हतं.

पहिलंच प्रकरण होयबाच्या मेहुण्याचं निघालं. यंत्र फिरवणाऱ्या उघड्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

"कारण?" मॅनेजरांनी विचारलं.

"निष्काळजीपणा," चहात बिस्किट बुडवत जावईबापू म्हणाले.

"पट्ट्याला जाळी बसवली तर..." होयबा चाचरला.

"जाळीला खर्च येतो. सावधपणा फुकट असतो. पटतंय ना?"

"होय," होयबा म्हणाला, आणि घरी बायकोने अबोला धरला.

उपाय म्हणून पट्ट्यामागच्या भिंतीवर 'हात सांभाळा' अशी पाटी लागली. ती जरा तिरकी लागली. पाहणीला आलेल्या जावईबापूंना ते खपेना. पाटी सरळ करायला ते पुढे वाकले, आणि पट्ट्याने त्यांच्या कोटाची बाही धरली. होयबाने धावत जाऊन यंत्र बंद करायचा दांडा ओढला म्हणून हात वाचला. बाही खांद्यापासून गेली.

संध्याकाळी तातडीची बैठक.

"कारण?"

होयबाने घसा खाकरला. "निष्काळजीपणाच म्हणायचा ना, साहेब?"

डॉक्टरांना ठसका लागला. मॅनेजर कडाडले, "कसला निष्काळजीपणा! एवढा घातकी पट्टा उघडा ठेवलाच कसा? उद्याच जाळी बसवा! आणि तुम्ही कामगारांचे प्रतिनिधी ना? आधी बोलायला काय झालं होतं?"

होयबाच्या जिभेवर पुष्कळ आलं. पण जाळी बसत होती. त्याने ते गिळलं.

घरी हे ऐकून डाव्या हाताने जेवणारा मेहुणा खो खो हसला. बायको हसली नाही. "भावाची बोटं काही परत येत नाहीत," ती म्हणाली. "पण पत्रा कापायचं यंत्रही उघडंच आहे म्हणता ना? मग त्या जावयांना जरा तिकडे न्या की!"

सकाळी होयबाने जावईबापूंना अदबीने गाठलं. "साहेब, पत्र्याच्या यंत्राची जवळून पाहणी करता का?"

जावईबापू भिंतीला टेकले. "पाहायचं काय त्यात? बसवून टाका जाळी!"