झांज पोचली का?

फाल्गुन वद्य एकादशीचं कीर्तन संपलं, आरती झाली, आणि मी नेहमीसारखी फोन कानाला लावून यमुनामावशीच्या शब्दाची वाट पाहू लागले. मावशी मिरजेत, मी लखनौला अलीगंजात. गेली बारा वर्षं हे असंच चाललं आहे. दर एकादशीला संध्याकाळी मी देवघरापुढे उभी राहते. सून अनघा पेटीवर बसते, समोर चार मराठी घरांतली माणसं असतात, आणि स्टुलावर फोनचा रिसीव्हर आडवा ठेवलेला असतो. तिकडे मावशीनं तिचा फोन कानाला लावलेला असतो.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मावशी खाटेवर आहे. डोळ्यांनीही फारसं दिसत नाही. पण जिनं चाळीस वर्षं गावोगावी उभं राहून कीर्तन केलं, तिची एकादशी कोरडी जाऊ द्यायला माझं मन तयार नव्हतं. माझ्या गळ्यात जे काही आहे ते तिनंच घातलेलं. कीर्तन संपलं की ती माझ्या चुका सांगते. साकी फार वर नेलीस, आख्यानात पाल्हाळ लावलंस, पद म्हणताना श्वास ऐकू आला. तो माझा प्रसाद.

त्या दिवशी तिनं एकही चूक सांगितली नाही.

"चारू," ती म्हणाली, "रामनवमीला आता फोन लावू नकोस."

मी का म्हणून विचारलं.

"माझा कान गेला गं. तू बोलतेस ते सगळं कळतं. गाणं आलं की कुणी दार लावून घ्यावं तसं होतं. पेटी नाही, झांज नाही. मागच्या दोन्ही एकादश्यांना मी उगीच छान छान म्हणाले. तुझं कीर्तन मला बातम्यांसारखं ऐकू येतं. असं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. आणि मला खोटी समजूत घालू नकोस."

मग तिची सून पद्मिनी फोनवर आली. ती बिचारी मन लावून सेवा करते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे म्हणाली. वय झालं आता त्यांचं, आपण तरी काय करणार. आवाज खाली आणून तिनं एवढंच सांगितलं, की माझ्या कीर्तनाच्या चिपळ्या देवळात देऊन टाक म्हणून आई मागे लागल्या आहेत. रामनवमी झाली की नेऊन देईन.

आणि हे मी सगळं खरं मानलं, ते इथे कबूल करते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचा कान जायचाच, असं म्हणून मी रामरायापुढे बसून डोळे पुसले. आमच्या घरात दोन पीएचडी आहेत, पण दुसरी काही शंका कुणाच्याही मनात आली नाही.

झालं होतं असं. माघात आमच्या गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं आणि जुन्या फोनची तांब्याची तार तुटली. ती पुन्हा जोडणार नाही, अशी चिठ्ठी आली. माझा मुलगा यशोधन इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. त्यानं घरात इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. शिकलेली माणसं घेतात तशी त्याची परीक्षाही घेतली. ऑफिसात फोन लावून विचारलं, आवाज येतोय का. तिकडून उत्तर आलं, हाँ सर, एकदम क्लियर. झाली परीक्षा. यशोधनच्या घरून मीटिंगा चालतात, त्याला हा फोन फारच आवडला. स्वयंपाकघरात कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या तरी पलीकडे काही म्हणून ऐकू जात नाही, याचं आम्ही सगळ्यांनी किती कौतुक केलं होतं. मीसुद्धा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझी नात मैत्रेयी हिचा क्लासमधून फोन आला, यायला उशीर होईल म्हणून. अनघा शेजारीच पेटीवर पाळण्याची चाल घेत बसली होती. मी मैत्रेयीला म्हटलं, थांब, आईला देते, पेटी थांबू दे जरा. मैत्रेयीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"कौन सी पेटी? पीछे तो कुछ भी नहीं आ रहा, आजी."

अनघा भाता ओढत होती, पेटी चांगली घुमत होती. मी रिसीव्हर नेऊन पेटीच्या पट्ट्यांवर धरला.

"आजी? हैलो? कट गया क्या?"

मी देवघरातून झांज आणली आणि रिसीव्हरजवळ चार ठोके दिले. अनघा दचकून माझ्याकडे बघत राहिली. पलीकडे मैत्रेयी हैलो हैलोच करत होती. मग मी नुसतं तिचं नाव घेतलं, आणि ती लगेच म्हणाली, हाँ, अब आई आवाज़.

कान मावशीचा गेला नव्हता. कान आमच्या फोनला नव्हता.

पहिली उबळ आली ती तिला तिथल्या तिथे फोन करायची. हात पुढेही गेला, पण थांबले. काय सांगणार होते? तुझा कान चांगला आहे, दोष आमच्या यंत्राचा आहे? तिनं आधीच बजावलं होतं, खोटी समजूत नको. ती हसून म्हणाली असती, बरं बाई, असेल. तिला सांगून उपयोग नव्हता. तिला ऐकवायला हवं होतं. नवमीला सात दिवस होते, आणि नवमी झाली की चिपळ्या देवळात जाणार होत्या.

संध्याकाळी यशोधननं फोन कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. त्यानं अभिमानानं सांगितलं, की मागचा सगळा गोंगाट त्यांचं यंत्र ओळखतं आणि कापून टाकतं, हीच तर खासियत आहे.

"भैया," मी म्हटलं, "आप जिसे शोर कह रहे हैं, वो कीर्तन है."

"जी मैडम," तो म्हणाला, "वो भी कट जाएगा."

ते बंद करता येतं का विचारलं, तर आमच्या फोनमध्ये तशी सोयच नव्हती. यशोधन म्हणाला, मोबाईल लाव. लावून पाहिला; झांज पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येई आणि मग तीही नाही. व्हिडिओ कॉलचीही तीच गत. यशोधन वैतागला. हा फोन मी काढणार नाही, माझ्या मीटिंगा आहेत, म्हणाला. आणि वर, एका दिवसासाठी केवढा खटाटोप, आई.

"एक दिवस नाही, चोवीस एकादश्या आहेत," मी म्हटलं. "तुझ्या पीएचडीला आम्ही सहा वर्षं दिली. तू मला सात दिवस दे."

अनघा तोंडाला पदर लावून हसली. यशोधनही हसला. म्हणाला, ठीक आहे, तुझा फोन तू निवड, माझा माझ्यापाशी राहू दे.

मग मी निवडायला बसले. तीन कंपन्यांच्या माणसांना घरी बोलावलं. चैत्रच होता, आल्यागेल्याला पन्हं आणि कैरीची डाळ तयार होती. प्रत्येक जण कागद पसरून वेग सांगायचा, किती सिनेमे एका वेळी दिसतील ते सांगायचा. मी ते शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, आता तुम्ही माझं ऐका. मैत्रेयीला मी गच्चीवर मोबाईल आणि वही देऊन बसवलं होतं. परीक्षेपुरती ती आमची मावशी. वहीत चार रकाने: बोलणं, पेटी, झांज, आणि पदाचा शेवटचा हळू सूर.

पहिल्या फोनवर पेटी पोचली, झांज अर्धीमुर्धी पोचली. पण पद संपवताना मी आवाज खाली नेला की सगळं तुटायचं. मैत्रेयी खाली येऊन म्हणाली, आप धीरे होती हैं तो फोन समझता है आप चुप हो गईं. मी त्या गृहस्थांना दुसरा पेला पन्हं देऊन निरोप दिला. दुसऱ्यांचा नियम असा, की आधी अर्जावर सही, मग जोडणी. माझा नियम असा, की आधी ऐकणं, मग सही. ते पन्हं न घेताच गेले.

तिसरा सतीश, चिनहटच्या एका लहानशा कंपनीचा. रामनवमीला दोन दिवस राहिले होते. त्यानं पिशवीतून एक छोटा डबा काढला. त्याला आपला जुना साधा फोनच जोडायचा. माळ्यावरून आमचा जुना फोन खाली आला, मी त्यावरची धूळ पदरानंच पुसली. जोडणी झाली, मी झांज वाजवली, आणि गच्चीवरून मैत्रेयीचा आवाज आला, झांज नहीं आई, आजी.

मला वाटलं, हाही आता कागद गोळा करणार. पण तो उठला नाही. जमिनीवर मांडी घालून बसला, लॅपटॉप उघडला आणि मला विचारलं, माताजी, हे वाजवणं कोणाला ऐकवायचं आहे? मी मावशीचं सगळं सांगितलं. चिपळ्यांचंही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, त्याचे वडील गावच्या रामायण मंडळीत ढोलक वाजवतात, आणि फोनवर त्यांचंही ढोलक कधी ऐकू आलेलं नाही. आपल्याला वाटायचं, बाबूजी हल्ली हळू वाजवतात.

"दो चीज़ें बंद करनी पड़ेंगी," तो म्हणाला. एक, मागचा आवाज कापणारं. दुसरं, आपण गप्प झालो असं समजून लाईन बंद करणारं. दोन्ही बंद केली की मात्र घरातलं सगळं पलीकडे जाईल: स्कूटर, भाजीवाला, भांडी, सगळं. मग तक्रार करायची नाही.

मी म्हटलं, सगळं जाऊ दे.

दोन तास तो खटपट करत होता. एकदा पेटी आली तर माझा आवाज खरखरला. एकदा सगळंच बंद पडलं. मी झांज वाजवून वाजवून थकले, पण प्रत्येक वेळी वरून नाही आलं की पुन्हा हातात घेत होते. शेवटी एकदा वाजवली आणि गच्चीवरून काहीच उत्तर आलं नाही. जिन्यावर पावलं वाजली. मैत्रेयी दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"आ गई," ती म्हणाली. "पूरी आई. उसके बाद जो गूँज रहती है न, वो भी."

मी सतीशच्या अर्जावर सही केली.

रामनवमीला साडेदहाला माणसं जमली. मावशीनं फोन लावू नकोस म्हटलं होतं. बारा वर्षांत मी पहिल्यांदा तिचा शब्द मोडला. फोन पद्मिनीनं उचलला. मी तिला सांगितलं, काही बोलू नकोस, नुसता त्यांच्या कानाला लाव. ती घाबरली, आई रागावतील म्हणाली. रागावू देत, मी म्हटलं.

मी नमन म्हटलं नाही. एक शब्दही बोलले नाही, कारण शब्द तिला आधीही ऐकू येत होतेच. माझ्या स्वतःच्या चिपळ्या माझ्या हातात होत्या, म्हणून झांज मैत्रेयीकडे दिली होती, दोन दिवस शिकवून. मी तिला खूण केली. तिनं ठेका धरला. अनघानं पेटीवर हळूच सूर भरला. समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागली, की बाई बोलत का नाहीत.

स्टुलावरच्या फोनचा स्पीकर चालू होता, पण त्यातून काही येईना. झांज वाजत राहिली. मैत्रेयी माझ्याकडे बघत होती, थांबवू का म्हणून. मी मानेनंच नको म्हटलं.

"चारू," फोनमधून आवाज आला. "झांज कोण वाजवतंय?"

मी स्टुलाशी वाकले.

"तू नव्हेस. तुझ्या हाताला अशी घाई नाही. नवा हात आहे कुणाचातरी."

"मैत्रेयी आहे, मावशी."

"तिला म्हणावं, डावी सैल धर. आवळून धरली की घुमत नाही."

मैत्रेयीनं डावी सैल केली. झांज घुमली. पलीकडे मावशी ओरडली, आवाजात तिची जुनी जरब होती: पद्मिनी, माझ्या चिपळ्या कुठं ठेवल्यास?

मग मी नमन म्हटलं. पूर्वरंग केला, उत्तररंगाला दशरथाच्या घरी गेले. बाराला जन्म झाला, गुलाल उधळला, सुंठवडा फिरला, आणि पाळणा धरला तेव्हा स्टुलावरून चिपळ्या ऐकू येऊ लागल्या. इतक्या लांबून येताना किंचित मागे पडत होत्या. मी माझी लय तेवढी सैल केली आणि त्यांना बरोबर घेतलं.

आरती झाल्यावर फोन कानाला लावला आणि वाट पाहत बसले.

"साकी वर नेलीस," मावशी म्हणाली. "आख्यान बरं होतं, पण कौसल्येपाशी रेंगाळलीस. पाळण्याला पेटी अर्धा सूर खाली हवी होती. आणि एक सांग, ऐन जन्माच्या वेळेला कुकर कुणी लावला होता?"