भिकाच्या होडीतली सात माणसं

माझ्या डाव्या भिंगाच्या कडेला बुरशीचा एक ठिपका आहे. तिळाहून लहान. गेल्या तीन वर्षांत तो वाढलेला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळा दोष त्याच्यावर येणार आहे.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. नवापूरच्या किनाऱ्यावर गावकरी समुद्रावर पहारा ठेवतात. त्यांच्या मचाणावर माझी सतरा वर्षं गेली. शांतारामकाका मला डोळ्यांना लावायचे आणि नुसत्या डोलण्यावरून सांगायचे, कोणाची होडी परत येते आहे. गावात माझं नाव होतं.

मग शेजारच्या खांबावर कॅमेरा आला. त्याला पुसायला मऊ कापड, मला काकांच्या लुंगीचं टोक. सगळे त्याचा पडदा बघायला धावायचे. त्याच्यावर कावळा शिटला, की माझा दिवस चांगला जायचा. काका मात्र त्या पडद्याकडे कधी फिरकले नाहीत. मचाणाखाली बोंबील सुकवणारी जमना दोन वर्षं त्यांच्याकडे पहाऱ्याचं काम मागत होती. ते म्हणायचे, बघू.

यंदा आमच्या पहाऱ्याची परीक्षा ठरली. जहाजं मोजून देशाचं बळ अर्धंच कळतं. किनाऱ्यावरचा पहिला डोळा जागा आहे का, तेही तपासावं लागतं, असं सागरी सुरक्षेच्या अधिकारी मॅडम सांगून गेल्या. त्यांची माणसं शत्रू बनून कधीही येणार होती.

एका भर दुपारी होडी दिसली. काकांनी मला उचललं.

"भिकाची हाय. आपलीच."

पडद्याजवळ बसणाऱ्या प्रदीपने काकांना फोन केला. होडीत सात माणसं दिसत होती आणि भिका तर दोघांनाच घेऊन जातो.

"पावनं आलं असतील त्याच्याकडं," काका म्हणाले. "तुझ्या कॅमेऱ्याला जेवाय बोलवलं नाय, म्हणून जलतो काय?"

मी मनात हसले. खरं तर मलाही सातच दिसत होती, काठीसारखी ताठ बसलेली. आमचे मच्छीमार होडीत असे बसत नाहीत. पण कॅमेरा खोटा ठरतोय, याचाच मला आनंद होता.

होडी किनाऱ्याला लागली. सात जण उतरले आणि त्यांनी मचाणाच्या खांबावर कागद चिकटवला : किनारा गेला. ती मॅडमचीच माणसं होती; भिकाची होडी त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती.

सगळे जमले, मॅडमही आल्या. मॅडमनी मला उजेडात धरलं, ठिपका पाहिला आणि वहीत लिहू लागल्या : दुर्बीण निकामी. जुनी झाली बिचारी, असं प्रदीप म्हणाला. कॅमेऱ्याच्या माणसाने माझी कीव करावी, हे फार बोचलं.

मित्रांनो, वस्तू पुसा, जपा. पण तिच्यामागचा डोळाही वेळेवर तपासून घ्या. आणि हेव्याने पाहिलं, तर स्वच्छ भिंगातूनही दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

काका पुढे झाले. मग त्यांनी मला मॅडमच्या हातातून घेतलं, लुंगीने पुसलं आणि माझा पट्टा जमनाच्या गळ्यात घातला.

"ते खोडा, मॅडम. दुर्बीण चांगली हाय. दोन वरसं झाली, माझ्याच डोल्यात मोतीबिंदू हाय. आजपासून इथं जमना बसंल."