पुढच्या महिन्यातलं दुखणं

मावशीने सोफ्यावर अंग टाकलं, एक हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटून क्षीण आवाजात म्हणाली,

"डॉक्टर, माझ्यामागे मुलांना सांभाळा."

"मावशी, तुला सर्दी झालीय. कार्ड वाच," भाची म्हणाली.

मावशीने एक डोळा किलकिला करून हातातलं कार्ड पाहिलं. "पण जुनाट आहे," असं म्हणत ती उठून बसली.

तिची सगळी नोकरी सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीत गेली. खिडकी बंद करून आत शिरेपर्यंत सिनेमा संपत आलेला असायचा, त्यामुळे शेवट तेवढे तिला तोंडपाठ. त्यामुळे तिने वठवलेला प्रत्येक पेशंट मरायला टेकलेलाच असे.

भाचीला मात्र हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. डॉक्टरकीच्या परवान्याची लेखी परीक्षा तिने पहिल्या फटक्यात काढली आणि प्रात्यक्षिकात आपटली. समोरच्या खोट्या पेशंटला बोलतं करून दुखणं शोधायचं, एवढंच तर होतं. शेरा आला, 'उमेदवार पेशंटला बोलू देत नाही.' मग तिने व्हिडिओंचा फडशा पाडला, जाडजूड मार्गदर्शक पुस्तक पालथं घातलं, मैत्रिणीबरोबर फोनवर सराव केला. मैत्रीणही डॉक्टरच. दोघी एकमेकींची वाक्यं तोडत आणि निदान करून मोकळ्या होत. शेवटी ते सगळं गुंडाळून ठेवून, वर्षभर जिच्या घरी राहत होती त्या मावशीलाच तिने पेशंट केलं. परीक्षा तोंडावर आली होती. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात रुजू व्हायचं, तेही परवाना हातात पडला तर.

"पुढचा पेशंट," भाचीने नवं कार्ड दिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बोला, काय होतंय?"

मावशीने कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवलं. "भूक लागत नाही."

"कधीपासून? वजन किती—"

मावशीने बोट वर केलं. भाचीने जीभ चावली.

"सांगा तुम्ही."

"सध्या लागते. झकास लागते. पुढच्या महिन्यापासून लागणार नाही."

भाचीने वाकून कार्डावर नजर टाकली. तिथे गुडघेदुखी होती.

फोन आहेच की, मी काय परकी झाले का, अशी दोन-तीन वाक्यं तिच्या ओठांवर आली. ती तिने गिळली. मावशी चष्मा पुसत होती. स्वच्छच होता तो.

"एकटीसाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो," मावशी म्हणाली. "उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकायचं. तू यायच्या आधी तसंच चाललं होतं. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं."

खालून कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली, लांब गेली.

"आता वाटेल," मावशी म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "झालं माझं. औषध सांग."

"रोज रात्री जेवताना फोन. तू इकडे, मी तिकडे, दोघींनी बसून जेवायचं. आणि रविवारी मी येणार. प्रत्यक्ष तपासणी."

मावशीने थोडा विचार केला. "ऐकलंस चांगलं. पण मार्क कापावे लागतील."

"का गं?"

"रविवारी म्हणालीस. सकाळी की संध्याकाळी, ते पेशंटला सांगितलंच नाहीस."