मंगळ सूर्याआड असताना

मंगळ सूर्याच्या आड जाणार म्हणून केंद्रातली निम्मी माणसं रजेच्या गप्पा मारत होती. पृथ्वी इकडे, मंगळ पार पलीकडे आणि मधे सूर्य, अशी वेळ दर दोन-सव्वादोन वर्षांनी येते. तेव्हा पाठवलेला संदेश सूर्याजवळून जाताना फाटतो. अर्धीमुर्धी आज्ञा पोचली, तर यान भलतंच काहीतरी करून बसायचं. म्हणून दोनेक आठवडे कुणी काही पाठवायचं नाही, असा दंडक. यानाला आधीच सगळं पढवून ठेवायचं आणि देवावर हवाला.

धाकटीला रजेत रस नव्हता. मंगळाच्या जमिनीवर बसलेल्या त्या यानावर वारा ऐकणारं एक यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. ते तिनं घडवलं होतं. केंद्रात त्याला सगळे ‘कान’ म्हणत, आणि तिला ‘कानाची आई’. मोहिमेची प्रमुख तिची सख्खी थोरली बहीण. दोघी आईसोबत एकाच घरात राहत, एकाच गाडीतून कामावर येत आणि वाटेत गाणी कुणाच्या आवडीची लावायची यावरून तंडत.

यंदा यानाच्या सौरपट्ट्यांवर धूळ साचली होती. वीज जेमतेम. कानाला ऊब देणारा हीटर या काळात चालू ठेवायचा की नाही, यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. हीटर बंद म्हणजे कान गारठून मरणार. शेवटी ताई म्हणाली, “कान चालू राहील. माझा शब्द.”

शेवटच्या आज्ञा पाठवायच्या दिवशी ताई तिच्या टेबलाशी आली. “आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय ना? नीघ तू.”

“अगं, पण शेवटची तपासणी?”

“मी आहे ना. का माझ्यावर भरवसा नाही?”

धाकटी हसली आणि पर्स उचलून निघाली.

मंगळ सूर्याआड गेला. मग एका दुपारी कँटीनमध्ये अँटेनावाले काका चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसले. “पोरी, कानाचं ऐकून वाईट वाटलं गं. पण तू मन मोठं केलंस.”

“कसलं मन?”

“हीटर बंद करा म्हणून तूच सांगितलंस ना? मोठ्या मॅडम म्हणाल्या तसं.”

ती उठली ती थेट ताईच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

“चालू कर. आत्ताच्या आत्ता.”

ताईनं मान खाली घातली. “आता काही पाठवता येत नाही. तुला माहितीये.”

“तुलाही माहीत होतं. म्हणूनच शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीस.”

“वीज पुरली नसती, तर यानच गेलं असतं. तू भांडली असतीस, चार जणांना आपल्या बाजूला ओढलं असतंस.”

“भांडले असते, रडले असते आणि हरले असते. कॅरममध्ये जन्मभर हरतेच आहे की तुझ्याशी! पण माझ्या नावावर का खपवलंस?”

“शब्द का मोडला, असं लोकांनी विचारलं असतं म्हणून,” ताई पुटपुटली.

त्यानंतर धाकटी बसने येऊ-जाऊ लागली. घरी ताटं घेताना भांड्यांचेच काय ते आवाज. आईला काही कळेना. “दोघींच्या तोंडाला कुलूप का गं? बिचारी ताई माझ्यासाठी किती धडपडली. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली होती, तिनं फोन करकरून अलीकडे आणली.”

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. ती तारीख नेमकी शेवटच्या आज्ञांच्या दिवसाची होती. परक्यानं पाठीत वार केला असता, तर निदान वळून बघितलं असतं. ही तर आईला पुढे करून केसानं गळा कापणं झालं. ताईनं तिच्याकडे पाहिलं, आणि ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

मंगळ दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. यानाची पहिली खबर आली, तेव्हा खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बॅटरी तळाला टेकली होती. हीटर चालू असता, तर यान वाचलं नसतं, हे आकड्यांवरून धाकटीलाही दिसलं. कानाला जागं करायची आज्ञा तिनं स्वतः पाठवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाठवली, नाही. तिसऱ्या दिवशी ताई तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“तू बरोबर होतीस,” धाकटी म्हणाली.

ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटीनं खुर्ची पुढे सरकवली. हात मोकळाच राहिला.

“मला खरं सांगितलं असतंस, तरी बरोबरच ठरली असतीस.”

महिनाअखेर तिनं दुसऱ्या मोहिमेत बदली मागून घेतली आणि पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान न्यायच्या दिवशी ताईनं न विचारता पुस्तकांचं खोकं उचललं. धाकटीनं ते खालपर्यंत आणू दिलं.

टेंपोपाशी ताई म्हणाली, “रविवारी येशील ना जेवायला?”

“आईला भेटायला येईन,” धाकटी म्हणाली, आणि ड्रायव्हरशेजारी चढून तिनं दार ओढून घेतलं.