भोंग्याला कळलेले नाव

मैदानाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर टांगलेला मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. एका लहानशा कारखान्यात माझा पत्रा ठोकून गोल केला, त्याला राखाडी रंग दिला आणि फुटबॉल क्लबने मला विकत आणले. पहिल्या दिवशी माझ्यातून "हॅलो, हॅलो" असे शब्द बाहेर पडले आणि शेजारच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले. मला फार भारी वाटले!

माझे एक दुखणे मात्र होते. शब्द माझ्यातून जात, पण त्यांचा अर्थ कुणी मला सांगत नसे. हा शब्द कुठला, तो असाच का म्हणायचा, अशी मला सारखी उत्सुकता वाटे.

माझ्यातून शिंपीकाका बोलत. आठवडाभर ते दुकानात कपडे शिवत आणि सामन्याच्या दिवशी गळ्यातली मोजपट्टी न काढताच माइकसमोर येऊन बसत. खेळाडूंची नावे ते अशी खणखणीत घेत की टाळ्यांनी मैदान दणाणून जाई.

एके वर्षी क्लबमध्ये दूरदेशीचा गोलरक्षक आला. ताडमाड उंच, फ्रेंच बोलणारा. मुले त्याला लंबूदादा म्हणू लागली. आपली भाषा त्याला जेमतेम येई, म्हणून तो नुसता हसून मान डोलवी. काका कागदावर बघून त्याचे नाव घेत, लोक टाळ्या वाजवत, तो हात उंचावी.

जवळच्या शाळेत फ्रेंचचा वर्ग होता, पण तो ओस पडत चालला होता. मुले म्हणत, "ही भाषा बोलायची कुणाशी? फळ्याशी?" मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, बजावले होते की मुले टिकली नाहीत तर पुढच्या वर्षी वर्ग बंद. तेव्हा फ्रेंचच्या बाई थेट क्लबच्या कचेरीत आल्या. कचेरी माझ्या खांबाखालीच आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"तुमच्याकडे फ्रेंच बोलणारा माणूस आहे आणि माझ्याकडे फ्रेंच शिकणारी मुलं. शनिवारचा तास तुमच्या मैदानावर घेऊ द्याल का?"

क्लब तयार झाला. मग दर शनिवारी गंमतच गंमत! लंबूदादा ओरडे, "आ गोश!" की मुलांनी चेंडू घेऊन डावीकडे पळायचे. "आ द्रुआत!" की उजवीकडे. निम्मी मुले भलतीकडे पळत, एकमेकांवर आदळत आणि हसून लोटपोट होत. हळूहळू आदळणे कमी झाले. शब्द पायांत कसे शिरतात, ते मी वरून टक लावून पाहत होतो.

त्यांत एक मुलगी होती. शाळेच्या संघात ती गोल राखी. चणीने लहान आणि भलती चपळ, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. फ्रेंचमध्ये ती सपशेल नापास झाली होती. पण लंबूदादासारखी झेप कशी घ्यायची हे तिला विचारायचे होते, आणि विचारायचे तर फ्रेंच येणे भाग होते. म्हणून ती हट्टाने शिकू लागली.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात खेळाडूंची ओळख मुलांनी फ्रेंचमध्ये करून द्यायची ठरली. मोठ्या बाई पाहायला येणार होत्या. आदल्या दिवशी कचेरीत माइकवर सराव होता. खारूने काकांच्या कागदावरचे लंबूदादाचे नाव वाचले.

"अगं, शेवटची दोन अक्षरं कुठे गिळलीस?" काका म्हणाले.

"काका, ती नुसती लिहायची असतात, बोलायची नसतात. बाईंनी शिकवलंय."

"काहीतरीच! दोन वर्षं मी असंच म्हणतोय. तो कधी काही बोलला का?"

"आपण कधी विचारलं का?"

माइक चालूच होता. हे सगळे माझ्यातून मैदानभर गेले. आपले नाव ऐकून लंबूदादा चेंडू सोडून कचेरीच्या खिडकीशी आला. खारूचे कान लाल झाले. तिने बाईंकडे पाहिले, तर बाई मुद्दामच गप्प! मग तिने अडखळत, पुस्तकात न बघता, फ्रेंचमध्ये विचारले, "तुमचं नाव कसं म्हणायचं?"

त्याने वाकून माइकमध्ये स्वतःचे नाव घेतले. किती मऊ नाव होते ते! मी इतके दिवस भलत्याच कुणाला हाका मारत होतो.

तो आणखी काही बोलला. खारूने त्याला पुन्हा सांगायला लावले आणि मग म्हणाली, "ते म्हणतात, पहिल्या दिवशी सगळे इतक्या आनंदानं टाळ्या वाजवत होते की चूक दाखवावीशी वाटली नाही. नंतर फार उशीर झाला."

काकांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पोरी, मला शिकव." आणि संध्याकाळपर्यंत ते एकच नाव घोकत बसले.

दुसऱ्या दिवशी खेळाडू रांगेत उभे राहिले. लंबूदादाने आपला चालू फोन खारूच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवले. फोनवर त्याची आई होती, दूर तिच्या घरी. खारूने फोन माझ्याखाली उंच धरला. मुलांनी एकेक खेळाडूची ओळख फ्रेंचमध्ये करून दिली. शेवटचे नाव, लंबूदादाचे, मीच घेणार असे काकांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी ते घेतले, मऊ, नेमके, अगदी त्याच्यासारखे. फोनमधून बारीक आवाज आला.

"काका!" खारू ओरडली. "त्यांच्या आई म्हणतायत, परत एकदा म्हणा!"

काकांनी पुन्हा म्हटले. या खेपेला सारे मैदान त्यांच्याबरोबर म्हणाले.

सामना आम्ही हरलो, खोटे कशाला सांगू? मोठ्या बाईंना नवल वाटले. "हरूनही पोरं एवढी खूश कशी?" फ्रेंचच्या बाई म्हणाल्या, "ते बघा ना, लंबूदादाभोवती काय घोळका आहे! ज्याला त्याला काहीतरी विचारायचंय." वर्ग बंद झाला नाही. पुढच्या वर्षी तर बाके कमी पडली.

मित्रांनो, आता क्लबात नवे चौकोनी स्पीकर आले आहेत. माझा पत्रा गंजला आहे आणि तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. अधूनमधून कोरडे फडके फिरवलेत तर मी अजूनही बोलेन. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. तुमच्यात कुणी नवीन आला आणि त्याचे नाव तुमच्या जिभेवर बसत नसेल, तर तो हसतो आहे म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. जवळ जा आणि विचारा. चुकलात तर पुन्हा विचारा. ते नाव कुणीतरी फार हौसेने ठेवलेले असते.