गवळणीची आई कोण

या, जरा पुढं सरका. टाळ खाली ठेवा. बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर कवठे महांकाळच्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. मेंढीची म्हणतोय खरी, पण ती आहे संशयाची. तो मनात शिरला की माणूस आपल्याच घरात पाळतीवर बसतो.

आप्पासो पैदाशीची मेंढरं विकायचे. माडग्याळी जात, बाकदार नाक, अंगावर तांबूस ठिपके. नर आणि मादी एका रक्ताचे निघाले तर पुढची पिल्लं कमजोर होतात, म्हणून कोण कुणाच्या पोटचं हेच त्यांचं भांडवल. चाळीस वर्षं ते त्यांनी डोक्यात जपलं होतं, आणि डोक्याला कुलूप लागत नाही, म्हणून तोंडाला लावलं होतं.

मग सून आली, अपेक्षा, सांगलीत शिकलेली. तिनं मेंढरांची वही क्लाऊडवर नेली. प्रत्येक मेंढीचा फोटो, फोटोखाली आईबाप, वय, लसी. तिचा नवरा धनाजी कळप घेऊन फलटणच्या रानात बसलेला असायचा. तिथं पिल्लू झालं की तो फोनवर नोंद करी आणि इकडं घरी तत्काळ दिसे. एकदा त्याचा फोन कालव्यात गेला. नवा घेतला, वही जशीच्या तशी! डॉक्टर आपल्या घरून लसी बघत. औंधचं गिऱ्हाईक घरबसल्या नर निवडी. मोठं यंत्र घेतलं नाही की कारकून ठेवला नाही, आणि मागणी वर्षात दुप्पट झाली.

आप्पासोंना मात्र ते पटेना.

"ही वही ऱ्हाती कुठं?"

"लांब, मोठ्या मशिनींवर, मामा. पर कुलूप आपलं हाय. आपुन परवानगी दिऊ त्यालाच दिसतंय."

"कुलूप आपलं आन् घर परक्याचं! लय भारी."

"आवं, परवा कीर्तनात बुवा काय म्हणाले? देव सगळं बघतोय. तवा तर मान डोलवत हुता."

"देवानं बघितल्यालं चालतंय. देव कवा मेंढरं विकाय बसत न्हाई."

आणि आप्पासोंनी एक खोडी केली. परक्याला मेंढीचं खरं नाव सांगायचं नाही, दृष्ट लागते, ही त्यांच्या घरची जुनी रीत. ती त्यांनी वहीला लावली. अपेक्षा विचारी, हिची आई कोण? आप्पासो बेधडक दुसरीच सांगत. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या कानात खरं सांगायचं, असा हिशेब.

रोज सकाळी चहाच्या वेळी ते सुनेकडून वही वाचून घेत. एक दिवस अपेक्षा वाचून गेली, "चांदी, आई बुक्की." आप्पासोंचा कप ओठांशीच थांबला. त्यांनी मैना सांगितली होती. बुक्की हे खरं होतं.

कुणाला विचारावं? विचारलं तर आपलं खोटं उघडं पडतं. त्यांनी मुद्दाम आणखी दोन मेंढ्यांच्या आया उलटसुलट केल्या. दुपारपर्यंत दोन्ही सरळ! आता त्यांना सगळ्यांचाच संशय येऊ लागला. सून फोनवर हसली की कान टवकारत. धनाजी सांगत असेल काय? का फलटणचा तो सुभेदार? लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, उसाच्या कडेला मेंढ्यांचा गोठा घालत होते. त्यांनी सर्जा नावाचा नर आणि बारा माद्या निवडल्या होत्या. वही त्यांनाही दिसत होती.

ठरल्या दिवशी लालासाहेब गाडी घेऊन आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आप्पासो, पंधरा दिवसांमागं मी गवळण निवडली, तवा तिची आई मैना हुती. आज सकाळी बघतोय तर कस्तुरी. सर्जाचीबी आई कस्तुरी. भाऊबहीण माझ्या गळ्यात घालताय व्हय?"

"माझ्या वहीत हात कुणी घातला, ते तुमीच सांगा, सुभेदार!"

"मला नुसतं बघायची परवानगी हाय. आन् मी फौजेत हुतो, मेंढरं चोरणाऱ्यात न्हाई." लालासाहेबांनी देव्हाऱ्यापुढची बिरोबाच्या भंडाऱ्याची वाटी पुढं केली. "भंडारा उचला आन् सांगा, गवळणीची आई कोण?"

आप्पासोंनी हात घातला. पिवळी चिमूट बोटांत आली आणि तिथंच राहिली. इतकी खोटी नावं सांगितली होती, की गवळणीचं खरं कोणतं हे त्यांना आठवेना. मैना? कस्तुरी? भंडाऱ्यावर खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सापडत नव्हतं. चाळीस वर्षांचं नाव त्या चिमटीत अडकलं होतं.

"मला... आठवंना," आप्पासो म्हणाले. "सूनबाईला खोटं मीच सांगितलं हुतं."

अपेक्षा रागावली असणार, पण बोलली एवढंच, "मामा, आधीच बोलला असता तर! कुणी, कवा, काय बदललं, सगळं वही मागं ठेवती." तिनं फोन उघडला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "चांदी, आत्याबाई. गवळण, आत्याबाई. सगळं आत्याबाईंनीच केलंय!"

धोंडुबाई, आप्पासोंची बायको आणि अपेक्षाच्या या आत्याबाई, मेंढवाड्याच्या फाटकात कोकरू काखेत घेऊन उभी होती.

"तू?" आप्पासो म्हणाले. "तुला लिवाय कवा आलं?"

"लिवाय कशाला याय पायजे? पिल्लांची नोंद कराय पोरीनं जुना फोन दिलाय. फोटू दाबायचा आन् बोलायचं, उमटतंय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? ओट्यावर बसून खोटं सांगत हुता, मी चुलीपाशी ऐकत हुते. एकीचं लेकरू दुसरीच्या नावावर घालायचं म्हंजी काय? सुभेदार, गवळणीचा उजवा मागला पाय बघा. खुराच्या वर, आतल्या अंगाला."

लालासाहेब गवळणीपाशी गुडघ्यावर बसले. तिथं दोरीचा जुना वळ होता, त्यावर केस उगवले नव्हते.

"पाय अडकला हुता. दोरी लावून मी वडली. कस्तुरी किती वरडली ते मला ठावं. हे घरी आलं सकाळी, नाव ठेवाय!"

आप्पासोंना आता ती सकाळ आठवली. त्यांनी चिमटीतला भंडारा धोंडुबाईच्या कपाळाला लावला. लालासाहेबांनी गवळण बाजूला काढली आणि विचारलं, "वहिनी, हिच्या जागी कुठली देता?" आप्पासोंना नाही, तिला.

त्या संध्याकाळी अपेक्षानं वहीत एक रकाना वाढवला, जन्माच्या वेळी हजर कोण. आप्पासो शेजारी बसून सांगत होते. बहुतेक ओळींत एकच नाव आलं.

बुवा उठलेच, घ्या टाळ. एवढं करा बाबांनो, रस्त्यात कळप आडवा आला तर गाडी थांबवा, भोंगा वाजवू नका, आणि मागं काखेत कोकरू घेऊन चालणारी बाई दिसली की आमच्या धोंडुबाईची आठवण काढा.