दृष्टीची चप्पल

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही कुठेतरी जायला निघाला आहात आणि कोणीतरी तुमच्या तोंडात एक जुनी चप्पल आडवी खुपसून ठेवली आहे. तुम्हाला तोंड मिटता येत नाही, आणि तोंड मिटल्याशिवाय तुमचे पाऊल हलत नाही. खालून लोक तुम्हाला हाका मारत आहेत. तुम्हालाही जायचे आहे, पण तुम्ही जागच्या जागी उभे. आणि चप्पल ज्याची आहे तो घरात बसून सावकाश कॉफी पितो आहे.

राग आला ना? आता डोळे उघडा. मी अशी कितीतरी वेळा उभी राहिले आहे.

मी एक जुनी लिफ्ट आहे. चेन्नईत वेस्ट मांबलमला, स्टेशनापासून जवळच, चार मजल्यांची एक इमारत आहे. तिच्या पोटात मी खालीवर करते. हल्लीच्या लिफ्टांची दारे आपोआप सरकतात. मला लोखंडी जाळीची दारे आहेत. एक माझे स्वतःचे आणि एक प्रत्येक मजल्यावरचे. दोन्ही हाताने ओढून लावली की ‘टक’ असा आवाज होतो. तो आवाज झाल्याशिवाय मी हलत नाही. हा माझा हट्ट नव्हे. कोणाचा हात, कोणाचे पाऊल मध्ये सापडू नये म्हणून मला तसेच घडवले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून मला लॉरीत घालून इथे आणले. त्या लॉरीच्या मागे एक जुनी चप्पल लोंबत होती. वाटेत चहाच्या टपरीवर एका लहान मुलाने ड्रायव्हरला तिच्याबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दृष्ट लागू नये म्हणून बांधतात रे. वाईट नजर आधी चपलेवर पडते.” मला गंमत वाटली होती. पुढे तशीच एक चप्पल माझ्याही दारात लोंबणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

या इमारतीत पहिल्यांदा राहायला आलेली माणसे बहुतेक तंजावरकडची मराठी कुटुंबे होती. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी सरकारी कचेरीत. मी पहिल्यांदा वर गेले त्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि दृष्ट काढायला दारात कोहळा आपटला. तिसऱ्या मजल्यावर जयतीर्थराव राहत. कोणी घाईत जाळी उघडी टाकली, तर ते दोन जिने उतरून जात, जाळी ओढत आणि ‘टक’ ऐकून परत येत. पोरांना म्हणत, “आपण बाहेर पडलो म्हणजे लिफ्टीचं काम संपलं नाही. खाली कोणीतरी उभं असतं.” दरवर्षी आयुधपूजेला, म्हणजे तुम्ही जिला खंडेनवमी म्हणता त्या दिवशी, ते माझ्या जाळीला चंदनाची बोटे ओढत. त्या दिवसांत मी चकाकत असे.

मग जयतीर्थराव गेले. काही घरे विकली गेली, काहींची मुले परदेशी गेली, नवी माणसे आली. माणसे नवी आली म्हणून काही बिघडत नाही. पण हळूहळू कोणाचेच कोणाला काही वाटेनासे झाले. माझ्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या पडू लागल्या. ओल्या कचऱ्याच्या पिशव्या माझ्यातून ठिबकत जाऊ लागल्या. कोणी किल्लीने माझ्या भिंतीवर नावे कोरली. कोणी फोनवर मोठ्याने गाणी लावून वर येई आणि माझ्या आरशात केस विंचरून केसांचा गुंता तिथेच टाकी. मी हे सगळे सोसले, पण विसरले काही नाही.

या सगळ्यांत वरचढ निघाला तो पद्मनाभ. जयतीर्थरावांचाच मुलगा. वडिलांनी ज्या हाताला धरून जाळी लावायला शिकवले, त्याच हाताने त्याने नवी युक्ती काढली. आपल्याला लवकर बाहेर जायचे असले की तो मला तिसऱ्या मजल्यावर अडवून ठेवी. त्याच्या दाराशी एक तपकिरी चप्पल पडलेली असे. नुसती डावी. तिचा अंगठा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता. ती तो जाळीच्या फटीत आडवी घाली आणि घरात जाई. ‘टक’ होत नसे. मी उभी राही. खालून, वरून लोक “गेट! गेट!” म्हणून ओरडत. आतून तो म्हणे, “दोन मिनिटं. एवढं काय जीव जातोय?”

पुढे पुढे लोकांनी ओरडणेच सोडून दिले. कोणी “गेट!” म्हणून हाक मारली, तर बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवत. माझ्यात धोक्याची एक घंटा होती. मुले उगाच वाजवतात आणि दुपारची झोप मोडते, असे म्हणून पद्मनाभने तिचीही तार काढायला लावली.

चौथ्या मजल्यावर रत्नप्रभाआजी आणि त्यांची नात शरण्या राहतात. शरण्याचे आईवडील दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर या दोघीच एकमेकींना असतात. आजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. जिना चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी रोज संध्याकाळी त्या माझ्यातून खाली उतरत. फाटकाशी फूलवाली येई. तिच्याकडून मोगऱ्याचा गजरा घ्यायचा, आवारातल्या सिमेंटच्या बाकावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द विचारायचे. आजींचे सगळे जग तेवढेच उरले होते, आणि त्या जगाचे दार मी होते. मला त्याचा अभिमान होता.

एका संध्याकाळी आजी गजरा घेऊन परत आल्या. मी तिसऱ्या मजल्यावर, तोंडात चप्पल. आजींनी खालून हाक मारली. पुन्हा मारली. वरून तेच उत्तर आले, “दोन मिनिटं.” आजी उभ्या राहून थकल्या आणि काठी टेकत जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय निसटला. मनगट मोडले. गजरा पायरीवर पडला, आणि रात्री कोणाच्या तरी पायाखाली चुरडला गेला.

हाड सांधले, पण आजींचे मन खचले. त्या खाली उतरेनाशा झाल्या. शरण्या म्हणे, “आजी, चल की. मी आहे ना.” आजी म्हणत, “जाईन गं. परत येतांना ती येईल का, तें कोण सांगणार?”

ती म्हणजे मी. मित्रांनो, हे ऐकले आणि माझ्या पोलादी दोरात काहीतरी कडक झाले. मी ठरवले की पद्मनाभला सोडायचे नाही.

लिफ्टला काय करता येते, असे तुम्ही म्हणाल. फार नाही. पण माझ्या जाळीची एक पट्टी सैल झाली होती. जराशी थरथरले की ती सुटते आणि मी जिथल्या तिथे थांबते. आजवर मी ती जपून धरली होती, कारण आत कोण आहे हे मला माहीत असे. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दुपारी आत पद्मनाभ होता. एकटाच. खाली एक पार्सल घ्यायला आला होता आणि फोन घरी चार्जिंगला ठेवून आला होता. परत वर जाताना दुसरा मजला गेला. मी थरथरले, आणि थांबले.

त्याने बटण दाबले. मग सगळीच बटणे दाबली. घंटा दाबली. तिला तारच नव्हती. मग त्याने जाळी धरून हाक मारली, “कोणी आहे का? गेट! महेश!”

महेश म्हणजे आमचा वॉचमन. तो मागच्या बाजूला पाण्याच्या टँकरपाशी होता. पहिल्या मजल्यावर टीव्हीचा आवाज वाढला. दुसऱ्या मजल्यावरही वाढला. मला खोटे बोलायची सवय नाही, म्हणून सांगते. तो आवाज मला नादस्वरासारखा, म्हणजे इकडच्या सनईसारखा, गोड वाटला.

बऱ्याच वेळाने शरण्या जिना उतरून तिसऱ्या मजल्याच्या जाळीशी आली. पद्मनाभचे डोके तिच्या पायांच्या पातळीला होते. तो घामाने निथळत होता.

“शरण्या? बरं झालं आलीस. पळ, महेशला बोलाव.”

“कशाला मामा?”

“कशाला म्हणजे? अडकलोय मी. दिसत नाही?”

शरण्या पायरीवर बसली. “दोन मिनिटं,” ती म्हणाली. “एवढं काय जीव जातोय?”

पद्मनाभने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, “हे कोणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच. आजी खालून हाका मारत होती तेव्हा.”

“हे बघ, तुझ्या आजीला मी ढकललं नव्हतं.”

“नाही मामा. तुम्ही तर कॉफी पीत होता.”

ती उठली. त्याच्या दाराशी ती डावी चप्पल पडली होती. शरण्याने ती उचलून जाळीतून त्याला दाखवली. त्याने मान दुसरीकडे फिरवली.

वरून आजींचा आवाज आला. “शरण्या, कोण गं तें ओरडतंय?”

“पद्मनाभमामा. लिफ्टीत अडकलेत.”

मग आजी म्हणाल्या, “असू दे. गडबड नको.”

मी तर खूश होऊन आणखी थरथरणार होते. पण पुन्हा आवाज आला. “घाम आला असेल त्याला. पाणी दे नेऊन. मग महेशला सांग.”

शरण्याने पाण्याची बाटली आणली आणि जाळीच्या फटीतून खाली दिली. पद्मनाभ ती घटाघटा प्यायला. मग ती सावकाश, एकेक पायरी मोजल्यासारखी, महेशला बोलवायला गेली. चप्पल तिच्याच हातात होती.

महेशने गच्चीवर जाऊन माझे चाक हाताने फिरवले आणि मला तिसऱ्या मजल्यावर आणले. पद्मनाभ बाहेर पडला. शरण्याला त्याने बाटली परत दिली, पण साधे आभारही मानले नाहीत. महेशला म्हणाला, “ही भंगारात काढायला पाहिजे.” आणि जाळी तशीच उघडी टाकून आत गेला.

पाहिलेत? अडकला, घाबरला, पाणी प्यायला, आणि होता तसाच राहिला. माझा सूड फुकट गेला, असे मला वाटले. पण शरण्याचा सूड अजून व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. कित्येक वर्षांत माझी पूजा कोणी केली नव्हती. सकाळीच शरण्या फडके घेऊन खाली आली. तिने आणि महेशने माझे कोपरे धुतले, जाळी पुसली, चंदनाची बोटे ओढली, कुंकू लावले. मग तिने पिशवीतून एक दोरी काढली. दोरीत एक लिंबू, चार हिरव्या मिरच्या, आणि खाली ती तपकिरी डावी चप्पल ओवलेली होती. महेशला म्हणाली, “अण्णा, इथे दारावर बांधा. नीट दिसेल अशी.”

इमारतीतले लोक चुरमुरे-फुटाण्यांच्या प्रसादासाठी जमले. पहिल्या मजल्यावरच्या संयुक्तामामींनी वर पाहिले. “अगंबाई, ही कोणाची?”

“दृष्टीची,” शरण्या म्हणाली. “आजीनं सांगितलंय. लिफ्टीला फार दृष्ट लागली होती.”

“जोडीची उजवी कुठे आहे?”

“ते ज्याची आहे त्याला माहीत.”

मामींनी पांढरा दोरा ओळखला. सगळ्यांनीच ओळखला. प्रत्येकाने प्रसाद तोंडात घालून हसू दाबले. तेवढ्यात पद्मनाभ जिन्याने खाली आला. त्याने चप्पल पाहिली. मग त्याच्याकडे पाहणारी माणसे पाहिली.

आता सांगा, तो काय म्हणणार? ती माझी आहे, म्हटले, तर ती इथे कशी आली हे सांगावे लागेल. काढा म्हटले, तर दृष्टीची चप्पल सणाच्या दिवशी कोण काढणार? आणि ‘माझी नाही’ म्हटले, तर ती कायमची लिफ्टीची, म्हणजे माझी झाली. त्याने प्रसाद घेतला, मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलेखालून वाकून माझ्यात शिरला. तिसऱ्या मजल्यावर तो बाहेर पडला. क्षणभर थांबला. मग त्याने दोन्ही जाळ्या ओढल्या. ‘टक.’ तो आवाज खालपर्यंत ऐकू आला. असा तृप्त आवाज मी जयतीर्थरावांनंतर काढला नव्हता.

मित्रांनो, मला कोणाकडून फार काही नको. माझ्यातून बाहेर पडलात की मागे वळून एकदा जाळी ओढा. कोपरा थुंकायला नसतो. कोणी हाक मारली तर ओ द्या. एवढे केलेत तर मी तुम्हाला मरेपर्यंत वाहून नेईन. नाही केलेत, तरी माझे काही जात नाही. जुन्या चपला या शहरात पुष्कळ आहेत, आणि दोरीही लांब आहे.

त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावर बटण दाबले गेले. मी लगेच गेले. दारात रत्नप्रभाआजी काठी टेकून उभ्या होत्या, शेजारी शरण्या. “आली गं,” आजी हलकेच म्हणाल्या. मी त्यांना अजिबात हिसका न देता खाली आणले. फाटकाशी फूलवाली आलेली होती. आजींनी बाहेर पाऊल टाकले, वर टांगलेल्या चपलेकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, “पुरे झालं गं. लाजला बिचारा. काढून टाक ती.”

“बरं, आजी,” शरण्या म्हणाली. तिने महेशचे स्टूल ओढले, वर चढली, दोरीला हात घातला, आणि तिला आणखी एक गाठ मारली.